आधी कार्ड की आधी कपाट

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद वेळच्या वेळी झालेली बरी, मागाहून लोक काहीही लिहितात. कुणाला दाखवायची नाही.

बॉसने सकाळी मीटिंग घेतली. यापुढे कंपनीतला प्रत्येक प्रोटोकॉल आपोआप तपासणाऱ्या टूलमधून जाणार. प्रत्येक म्हणजे माझाच, कारण कंपनीत दुसरा आहेच कुठे. अकरा वर्षांपूर्वी मी एकट्याने बसून बांधलेला. नर्सच्या हातातलं कार्ड आणि औषधांचं कपाट एकमेकांशी तीन निरोपांत बोलतात, बोलता बोलता दोघांपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग दार उघडतं. कुणी कान लावून बसलं तरी त्याला किल्ली कळत नाही. इतकं देखणं काम आहे की मला स्वतःलाच कधी कधी भरून येतं.

२१ तारखेला हॉस्पिटलवाल्यांसमोर प्रेझेंटेशन. त्यांची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांची प्रमुख, येणार. तोवर टूलने हिरवा शेरा दिला तर त्यांच्या सगळ्या नव्या कपाटांत माझा प्रोटोकॉल. नाही दिला तर सार्वजनिक, फुकटात मिळणारा, कुणीही उठून वापरतो तसला प्रोटोकॉल घेणार, आणि मी तळमजल्यावर माहितीपुस्तिका विभागात. बॉसने हे हसत हसत सांगितलं. दातांत काहीतरी हिरवं अडकलं होतं. बघवेना.

टूल चालवायला एक बाई आणली आहे. आधी बारा वर्षं शाळेत गणित शिकवायची. गणितवाली. नेमकी माझ्या समोरच्या टेबलावर बसवली. मला सर म्हणते. कदर असलेलं माणूस दिसतं.

अकरा वाजता तिने डबा उघडला. उकडलेलं अंडं. सोललं. बंद खोलीत, माझ्या नाकासमोर. शी.

संकल्प: या प्रकरणात संतापायचं नाही. शिवाय लिफ्ट बंद. रोज चार मजले जिन्याने.

४ मार्च, मंगळवार

लिफ्टने गेलो. जिन्यात कुणीतरी पुसायचा ओला फडका टाकून ठेवलाय, त्याचा वास पहिल्या मजल्यापर्यंत आला होता. फडका उचलला की जिने सुरू.

प्रोटोकॉल टूलच्या भाषेत लिहून द्यायचं काम सुरू. टूलची भाषा म्हणजे कंसांचा उकिरडा. गणितवाली ती फडाफडा टाइप करते. अंडं पुन्हा अकरालाच.

६ मार्च, गुरुवार. दुपारी

चार मिनिटं. अकरा वर्षांच्या कामाला चार मिनिटं लागली. लाल.

गणितवालीने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि सातवीच्या वर्गाला सांगावं तसं मला समजावून सांगितलं. टूल एक भामटा धरून चालतं. हा भामटा सगळं ऐकतो, अडवतो, बदलतो, स्वतःचं घुसडतो. मग कार्ड आणि कपाटाचं बोलणं जितक्या तऱ्हांनी होऊ शकतं, त्या सगळ्या तऱ्हा टूल एकेक करून तपासत बसतं. न थकता. माणसाला लाज वाटली असती.

स्क्रीनवर बाणांचं एक गलिच्छ चित्र होतं. त्याचा अर्थ असा की भामटा मधे बसतो. कार्डाला वाटतं आपण कपाटाशी बोलतोय, कपाटाला वाटतं आपण कार्डाशी. बोलतात दोघंही भामट्याशीच, आणि तो निरोप बदलून पुढे देतो. कारण काय, तर निरोपांत मी नावं घातलेली नाहीत. कोण सांगतंय आणि कुणाला, एवढी दोन नावं घातली की झालं, असं ती म्हणाली. दोन शब्द.

दोन शब्द घालायचे म्हणजे ते अकरा वर्षं नव्हते हे कबूल करायचं. ते काही होणे नाही.

मी तिला स्पष्ट सांगितलं की असा मधला माणूस प्रत्यक्षात असूच शकत नाही. निरोप बदलला तर दोन वाक्यांत कळतं. आपण आपल्या माणसाचं बोलणं ओळखतो की नाही. ती म्हणाली, सर, कार्ड माणूस नाहीये. मी म्हणालो, तेच तर.

तेच तर म्हणजे नेमकं काय ते आता आठवत नाही, पण तिने स्क्रीन परत आपल्याकडे वळवला.

७ मार्च, शुक्रवार

मार्ग सापडला. प्रोटोकॉलला हात लावायचा नाही. गृहीतकं घालायची. टूलला सांगायचं की बाबा रे, आमच्या हॉस्पिटलात हे हे होत नाही. हे तिथे चालतं. सगळेच करतात.

गृहीतक एक: दोन नर्सा एकाच वेळी कपाटापाशी येत नाहीत. दोन: कार्ड कधी हरवत नाही. तीन: भामटा कंपनीतला नसतो. सगळं अगदी खरं वाटावं असं. टूल तरीही लाल. प्रत्येक वेळी नवं चित्र, नवा भामटा. या यंत्राला संशयाची घाण सवय आहे.

गणितवालीने विचारलं की नर्सा दोन आल्या तर. मी म्हटलं, रांग लावतील.

जिना: फडका तिथेच. आता सुकलाय, पण आकार तसाच आहे.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. पुढच्या रविवारी तिला पंच्याहत्तर पूर्ण होतात. म्हणाली, भेट काही आणू नका, घरात ठेवायला जागा नाही. तुम्ही दोघं भाऊ माझ्यासमोर बसून दोन शब्द बोला, तेवढं ऐकायचंय. रडली नाही, पण आवाज रडल्यासारखा होता. मी म्हटलं, बघतो.

दादाशी सहा वर्षं बोललेलो नाही. दादा बाबांचं कुलूप दुरुस्तीचं दुकान चालवतो, आई त्याच्याकडेच असते. झालं असं होतं की माझ्या घरी, माझ्या सासरच्या मंडळींसमोर, मी माझं नवं इलेक्ट्रॉनिक कुलूप दाखवत होतो. बोलण्याच्या भरात म्हणालो की हे उघडणारा अजून जन्माला यायचाय. दादाने हातातली बशी खाली ठेवली, कुलपाची पेटी उलटी केली, मागचे चार स्क्रू काढले आणि झाकण माझ्या हातात दिलं. चाळीस सेकंदांत. सासरे हसले. अजून हसतात, नुसतं कुलूप बघितलं तरी.

स्क्रू हा माझा विषय नाही. मी गणिताचा माणूस. एवढं त्याला कळायला हवं होतं. तो माफी मागेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. कामापुरते निरोप बायको नेते-आणते. तिच्याकडून कळतं ते असं की माणूस विरघळतोय. मागच्या महिन्यात त्याने निरोप दिला होता की धाकट्याच्या कामाचा अभिमान वाटतो. सहा वर्षं ताठ राहिल्याचं हे फळ.

आज बायकोला म्हटलं, त्याला सांग, माफी मागायची तर रविवार चांगला आहे, आईही असेल. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, सांगते.

११ मार्च, मंगळवार

गृहीतकं दहा झाली. लाल. संतापलो नाही. फक्त माउस आपटला, तोही आपला नव्हता.

आज कळलं की गणितवाली वॉचमनलाही सर म्हणते. चहा आणणाऱ्यालाही. शाळेतली सवय म्हणे. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही बाई मला वॉचमनच्या रांगेत बसवतेय.

अंडं. मीठसुद्धा लावत नाही.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी

दोन पानं फाडली, हे तिसरं.

आईचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. म्हणाली, तुझा निरोप ऐकून दादा दिवसभर शीळ घालत होता रे. मी विचारलं कुठला निरोप. तर मी म्हणे कळवलं होतं की दादासारखा हात बाबांचासुद्धा नव्हता, रविवारी भेटू.

मी जन्मात असं म्हटलेलं नाही.

बायकोला विचारलं. मला वाटलं निदान गडबडेल. ती शांतपणे घड्या घालत म्हणाली की हो, सहा वर्षं हेच करतेय. तू शिव्या देतोस, मी चौकशी पोचवते. दादा टोमणा मारतात, मी कौतुक आणते. वहिनीला पहिल्यापासून माहीत आहे, आम्ही दोघी मिळून ठरवतो. मी विचारलं, मग तो अभिमानाचा निरोप. मूळ निरोप असा होता म्हणे, त्याला विचार अजून स्क्रू मोजत बसतो का. शेवटी म्हणाली की जसंच्या तसं पोचवलं असतं तर आईंना एकच मुलगा उरला असता, तोही तुरुंगात.

सहा वर्षं. एकाच टेबलावर माझ्यासमोर बसून जेवते. मला कळलं नाही. त्यालाही कळलं नाही. दोघंही इतकी वर्षं तिच्याशीच बोलत होतो. शिसारी आली. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

याचा आणि ऑफिसच्या कामाचा काडीचाही संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

१३ मार्च, गुरुवार

संकल्प, आणि हा शेवटचा: मधलं माणूस बंद. बायकोला तोंडावर सांगितलं, यापुढे तू माझा एकही निरोप नेणार नाहीस, त्याचा आणणार नाहीस. त्याला बोलायचं तर त्याने थेट बोलावं, आणि आधी त्याने. ती एवढंच म्हणाली, बरं. इतक्या पटकन बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं. सुटल्यासारखी वाटली.

१४ मार्च, शुक्रवार

घरच्या विचारांतून ऑफिसचं सुचलं. योगायोग.

गृहीतक बारा: समोर अस्सल कपाटच आहे अशी खात्री पटल्याशिवाय कार्डाने एक अक्षर बोलू नये. बाणेदार नियम आहे. असंच असायला हवं. भामट्याची काय बिशाद.

लाल. भामटा आता कार्ड बनून कपाटाच्या बाजूने घुसतो. डोकं उठलं. मधे सहा दिवस उरले, त्यात शनिवार-रविवार. म्हणजे कामाचे चारच. बघू.

हार्डवेअरवाल्याने नमुन्याचं कपाट मीटिंगरूममध्ये आणून ठेवलं. राखाडी, जाड पत्र्याचं, भिंतीला पाठ लावून. हात फिरवला तर चिकट. सगळ्याच गोष्टी चिकट का असतात या ऑफिसात.

१६ मार्च, रविवार

आईचा वाढदिवस पार पडला. उत्तम.

आई मधल्या खुर्चीत, दादा एका बाजूला, मी समोर. दादा जाड झालाय. नखांत तेल तसंच. केक खाताना त्याच्या मिशीला क्रीम लागलं आणि ते तिथेच राहिलं, सांगणार कोण. मी नाही. बायको आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. एरवी दोघींची तोंडं थांबत नाहीत.

मी ठरवलं होतं, तो बोलल्याशिवाय बोलायचं नाही. बहुधा त्यानेही तेच ठरवलं होतं. आई मला ऑफिसचं विचारायची, मी आईला सांगायचो. आई त्याला दुकानाचं विचारायची, तो आईला सांगायचा. मधल्या वेळात तो पंख्याकडे बघायचा आणि मी केककडे. पाऊण तास असा गेला.

मग आईने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, बॅटरी उगाच जाते.

 परत येताना मी बायकोला हिशेब समजावून सांगितला. आज एकही टोमणा नाही. एकही निरोप बदलला गेला नाही. भांडण शून्य. तिने सहा वर्षं खोटं बोलून जे केलं ते मी पाऊण तासात, काही न बोलता केलं. तिने खिडकीबाहेर बघितलं.

आणि येताना, चौकातल्या सिग्नलपाशी, गृहीतक तेरा सुचलं.

१७ मार्च, सोमवार

हिरवं.

पुन्हा लिहितो. हिरवं. सिद्ध. टूलने कबूल केलं. वेळ: दोन सेकंद.

गृहीतक तेरा: समोर अस्सल कार्डच आहे अशी खात्री पटल्याशिवाय कपाटानेही एक अक्षर बोलू नये. बस. इतकं सोपं होतं. दोन्ही बाजूंनी ताठ राहायचं. भामट्याला शिरायला फटच नाही.

गणितवाली खूश होईल असं वाटलं होतं. कपाळाला आठ्या. म्हणाली, सर, आधी चार मिनिटं लागायची, आता दोन सेकंद कसे. मी म्हटलं, चांगलं काम पटकन होतं. ती म्हणाली, एक ओळ टाकून बघू या का, हे दोघं बोलणं कधी पूर्ण करू शकतात का एवढंच विचारू. टूलसाठी प्रोटोकॉल लिहिला की पहिल्यांदा हेच विचारायचं असतं म्हणे, तिने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं आणि तेव्हा हो आलं होतं. गृहीतकं वाढली की पुन्हा विचारायचं.

म्हणजे गाडी बनवणाऱ्याला विचारायचं की चाकं फिरतात ना. बालिश. मी म्हटलं, हा वर्ग नाही. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत अंडं सोलू लागली.

आज जिन्याने जाणार होतो. आनंदात लक्षात राहिलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

बॉसने खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. तरी चालवून घेतलं.

तो म्हणाला, मला तुझ्याबद्दल शंका नव्हतीच. माहितीपुस्तिका विभागात माझं टेबल झाडून ठेवलंय हे मला आधीच कळलं होतं, पण बोललो नाही.

गणितवाली पुन्हा त्या ओळीबद्दल. मी हेडफोन लावला. गाणं लावलं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

हार्डवेअरवाल्याने बारावा आणि तेरावा नियम नमुन्याच्या कपाटात आणि कार्डात भरले. म्हणाला, उद्याआधी एकदा कार्ड लावून बघू या. मी त्याला समजावलं की गणिताने सिद्ध झालेली गोष्ट करून बघणं हा गणिताचा अपमान आहे. तो म्हणाला, ठीक आहे, मी उद्यापासून बुधवारपर्यंत रजेवर आहे, तुमचं तुम्ही बघा. या लोकांना कामाची आस्था नाही.

उद्याचं भाषण आरशासमोर तीनदा. बायको आंघोळीला जायचं म्हणून बाहेर उभी होती. चौथ्यांदा म्हटलं नाही.

दादाचा काही निरोप नाही. बायको आणणारही नाही. उद्या यशाची बातमी त्याला कोण सांगणार हा प्रश्न आहे. कळेल कुणाकडून तरी.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी

नवा शर्ट. कॉलर टोचते. जिन्याने गेलो, दोन मजले. फडका कुणीतरी उचललाय. शुभशकुन.

२१ मार्च. दुपारी, अडीच

मुद्द्याने लिहितो. संतापायचं नाही.

मेट्रन म्हणजे पन्नाशीची, जाड भिंगांची, घड्याळ छातीवर उलटं लावलेली बाई. चाळीस स्लाइड दाखवल्या. ती एकही प्रश्न न विचारता ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, आणि हे उघडतं ना. मी हसलो. बॉसही हसला. गणितवाली हसली नाही.

मग मला सुचलं की प्रात्यक्षिक नाट्यपूर्ण व्हावं. मौल्यवान वस्तू आत ठेवून दाखवावी. अकरा वाजत आले होते, गणितवालीचा डबा टेबलावर होता. मी त्यातलं अंडं उचललं, म्हटलं, धरून चला हे सगळ्यांत महागडं औषध आहे, आणि कपाटात ठेवून दार लावलं. गणितवाली अर्धवट उठली होती. तिच्या त्या वासापासून सुटका झाली याचाही थोडा आनंद होता, नाकारत नाही.

कार्ड लावलं.

काही नाही.

पुन्हा लावलं. कार्ड पुसून लावलं. शर्टाला घासून लावलं. कपाटावरचा छोटा दिवा पिवळा लुकलुकत होता, म्हणजे तो वाट बघत होता. कार्डावरचाही पिवळा. तोही वाट बघत होता.

मेट्रनने छातीवरचं घड्याळ उचलून बघितलं. म्हणाली, पेशंट निळा पडायला लागला की माझ्या नर्सने इथे किती वेळ उभं राहायचं, एवढं सांगा. बॉस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, सुरक्षेला थोडा वेळ लागतो.

गणितवालीने मला न विचारता लॅपटॉप ओढला आणि ती ओळ टाकली. हे दोघं बोलणं कधी पूर्ण करू शकतात का. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सगळ्यांना दिसत होतं. टूलने एका सेकंदात उत्तर दिलं. नाही. पूर्ण होणं राहू दे, सुरूच होत नाही. नियम बाराप्रमाणे कार्ड आधी बोलणार नाही. नियम तेराप्रमाणे कपाट आधी बोलणार नाही. दोघं समोरासमोर बसून राहणार, कायम. किल्ली चोरीला जात नाही हे खरं, कारण किल्ली ठरतच नाही.

मेट्रन म्हणाली, आमच्याकडे असे दोन डॉक्टर आहेत. मग पर्स उचलली.

२१ मार्च. संध्याकाळी

मी निघत होतो तेव्हा गणितवालीने हाक मारली. तिने मूळ प्रोटोकॉल घेतला होता, अकरा वर्षांपूर्वीचा, एकही गृहीतक न घालता. त्यात फक्त ती दोन नावं घातली होती. कोण सांगतंय, कुणाला. चार मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत उभे होतो.

हिरवं. आणि खालची ओळ, बोलणं पूर्ण होतं का, हो.

ती म्हणाली, सर, तुमचं काम चांगलंच होतं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. हॉस्पिटलवाले तोवर निघून गेले होते.

२२ मार्च, शनिवार

काही नाही.

२३ मार्च, रविवार

आईला फोन करावा असं दोनदा वाटलं. बायकोला म्हटलं, आईला विचार कशी आहे. ती म्हणाली, मधलं माणूस बंद आहे ना. आणि पुस्तक वाचू लागली. पान उलटत नव्हती, पण वाचत होती.

२४ मार्च, सोमवार

माहितीपुस्तिका विभाग. तळमजला. जिन्याचा प्रश्न निकालात निघाला.

विभाग म्हणजे मी, एक खुर्ची, आणि ते कपाट. बॉसने ते माझ्यासोबत खाली पाठवलं, कारण मीटिंगरूममध्ये बसणं अशक्य झालंय. अंडं शुक्रवारपासून आत आहे. दाराच्या फटीतून वास येतो. वास हा शब्द फार सभ्य आहे. दोनदा बाहेर जाऊन आलो. शर्टाला लागलाय, केसांना लागलाय, आता या वहीलाही लागला असेल. हार्डवेअरवाला बुधवारी येणार, आणि तो म्हणे फोन उचलत नाही.

पहिलं काम दिलंय: पुस्तिकेचं पान, 'कपाट उघडत नसेल तर'. चार पायऱ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवल्यात. कार्ड कोरडं करा. दहा सेकंद थांबा. कार्ड पुन्हा लावा. विजेची जोडणी तपासा. चारही करून बघितल्या. पाचवी रिकामी आहे. दुपारपर्यंत हवी.

पावणेबारा. दुकानाचा नंबर पाठ आहे. बाबांनी लहानपणी दोघांकडून घोकून घेतला होता, हरवलात तर सांगता यावा म्हणून. तो अजून तोच आहे, पाटीवर रंगवलेला. बायकोला विचारायची गरज पडली नाही.

फोन केला. उचलला गेला. पलीकडे कानस घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. माझा नंबर त्याला दिसत असणार. तो काही बोलला नाही. मीही नाही. घड्याळात बघत होतो, एकोणीस सेकंद झाले. कपाटावरचा पिवळा दिवा समोर लुकलुकत होता.

मग मी म्हणालो, कपाट उघडत नाहीये.

तो म्हणाला, आत काय आहे. मी म्हटलं, अंडं. तो म्हणाला, कधीपासून. मी म्हटलं, शुक्रवार.  मागून आईने कोण आहे रे म्हणून विचारलेलं ऐकू आलं. म्हणजे कानात यंत्र होतं. तो तिला म्हणाला, धाकटा आहे.

मग मला म्हणाला, भिंतीपासून सरकव. मागे चार स्क्रू असतील.

सरकवलं. आहेत. चार.

पाचवी पायरी लिहिली. माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर नाही. तो घेऊन येतोय.